दोन फुटी टाकी, एक बादली पाणी: घरातल्या गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियमला नेमकं काय लागतं

ॲक्वेरियमच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक शिरलं की काउंटरवर एक ठरलेला संच मांडला जातो. काचेची टाकी, निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, तोंडाची उघडझाप करणारा शिंपला, एअर पंप आणि तीन बाटल्या: अँटिक्लोरीन, ब्लू आणि मीठ. वर पिशवीत चार गोल्डफिश. हाच संच मांडीवर घेऊन मीही एकदा रिक्षाने घरी आलो होतो. आठव्या दिवशी चारांतला एकही मासा उरला नव्हता. दुकानदाराला दोष देणार नाही. मी मासे मागितले, त्याने मासे दिले. पाणी सांभाळणारं सामान मागायला हवं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. मासे सगळ्यात शेवटी येतील, तेही महिना-दीड महिन्याने.

जागा आणि टाकी

पहिल्यांदा करणाऱ्याने २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी टाकी घ्यावी असं माझं मत आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७० लिटर पाणी मावतं. खडे घालून वर दोन इंच मोकळे सोडले की प्रत्यक्षात साधारण ५५ लिटर राहतं. दर आठवड्याला यातलं पाव पाणी बदलायचं असतं, म्हणजे चौदा लिटर, म्हणजेच आपली न्हाणीघरातली एक बादली. एक बादली माणूस कंटाळा न करता वर्षानुवर्षं बदलतो. चार फुटी टाकीला सहा बादल्या लागतात आणि तिसऱ्या महिन्यात रविवार नकोसा वाटू लागतो.

याहून लहान टाकी सोपी पडेल असं वाटतं, पण होतं उलटंच. पाणी थोडं असलं की ते लवकर तापतं, लवकर गार होतं आणि चिमूटभर जास्त खाद्यानेही नासतं. गोल बाउलबद्दल तर बोलायलाच नको. त्यात फिल्टर बसत नाही, आणि गोल्डफिश हा सहा-आठ इंचांपर्यंत वाढणारा, भरपूर घाण करणारा मासा आहे.

या मापाला काच सहा मिलिमीटरची असावी. तीन फूट लांब आणि दीड फूट उंच टाकी करायची तर आठ मिलिमीटर. टाकी घेताना कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या जोडात हवेचे बुडबुडे दिसतायत का ते उजेडासमोर धरून बघा. नुकती चिकटवलेली असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो पूर्ण गेल्याशिवाय पाणी घालू नका. घरी आणल्यावर आधी न्हाणीघरात किंवा गच्चीत, सपाट जागी थर्माकोलवर ठेवून काठापर्यंत भरा आणि २४ तास तशीच ठेवा. तळाशी कोरडं वर्तमानपत्र घातलं की बारीक पाझरही लगेच कळतो.

वजनाचा हिशेब लोक विसरतात. पाणी ५५ किलो, खडे ११, काच १३, म्हणजे ८० किलोच्या आसपास. टीपॉयवर किंवा पुस्तकांच्या कपाटावर ही टाकी चालणार नाही. प्लायवूड आणि एमडीएफ ओल लागली की फुगतात. फॅब्रिकेटरकडून अँगलचा लोखंडी स्टँड करून घ्या, उंची २८-३० इंच. खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून ठेवा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी मात्र भरल्यावर चारशे किलोंच्या पुढे जाते. तिच्यासाठी आधी इमारतीच्या जाणकाराला विचारा.

स्टँड जागेवर ठेवल्यावर गवंड्याची पाणसळ घेऊन दोन्ही दिशांनी समतल आहे ना ते तपासा. पायाखाली पत्र्याचा तुकडा सारायचा असेल तर तो आत्ता, टाकी रिकामी असतानाच. टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल हवा, कारण स्टँडवरचा एखादा उंचवटा किंवा अडकलेला खडा तळाच्या काचेला तडा द्यायला पुरतो. खिडकीसमोर टाकी ठेवू नये. ऊन थेट पडलं की पंधरा दिवसांत काच हिरवी होते.

फिल्टर: पैसे इथे घाला

फिल्टर म्हणजे पाण्यातला कचरा गाळणारी चाळणी, असं मी कित्येक दिवस समजत होतो. गाळणं हे त्याचं दुय्यम काम. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर एका जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारी. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि आठवड्याच्या एका बादलीबरोबर बाहेर जातं. या जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझे गोल्डफिश आठ दिवसांत का गेले त्याचं उत्तर एवढंच होतं.

बाजारात चार प्रकार सहज मिळतात.

स्पंज फिल्टर एअर पंपावर चालतो. दिसायला ओबडधोबड, पण सगळ्यात स्वस्त. बिघडण्यासारखं त्यात काही नसतं आणि पिल्लं ओढली जात नाहीत. दोन फुटी टाकीला माझी पहिली पसंती हीच. इंटर्नल पॉवर फिल्टर मोटरवर चालतो, पाणी जास्त फिरवतो, पण त्यातला स्पंज बहुधा लहान असतो. हँग-ऑन फिल्टर टाकीच्या मागच्या काठावर टांगला जातो, साफ करायला सोपा. घ्यायचा असेल तर तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरवणारा घ्या, म्हणजे आपल्या मापाला ताशी २५० ते ३५० लिटरचा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज भरल्यावर तो उतरतो, त्यामुळे थोडा वरचा आकडा निवडावा. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, मोठ्या टाक्यांसाठी, इथे गरज नाही.

आता एक पथ्य, जे न पाळल्याने आपल्याकडे सर्वांत जास्त मासे मरतात. महिन्यातून एकदा सगळं पाणी काढायचं, खडे घासायचे, फिल्टर नळाखाली लख्ख धुवायचा, अशी पद्धत घरोघरी आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं. ते स्पंजवरची वसाहत मारतं आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळा. मळकट राहिला तरी चालेल. नव्हे, मळकटच बरा.

एअर पंप आणि वीज गेल्यावरचं

एअर पंपाबरोबर तीन गोष्टी घ्याव्या लागतात: सिलिकॉनची नळी, हवा कमी-जास्त करायची तोटी आणि चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. शेवटची वस्तू दहा-वीस रुपयांची असते आणि दुकानदार मागितल्याशिवाय देत नाही. माझा पंप स्टँडच्या खालच्या फळीवर होता. रात्री वीज गेली, पंप थांबला आणि नळीतून पाणी उलटं खाली उतरायला लागलं. सकाळी निम्मं पाणी टाकीत होतं, निम्मं हॉलभर. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला तर ही वेळ येत नाही. खाली ठेवायचा असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह हवाच. त्याची दिशा लावण्याआधी तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने जायला हवी.

पंपाचा खर्च नगण्य असतो, तीन ते पाच वॅट. घरात इन्व्हर्टर असेल तर हा प्लग त्या लाइनवर घ्या. नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी पंप घेऊन ठेवा. वीज गेली की प्राणवायूची चणचण पहिली जाणवते, विशेषतः उन्हाळ्यात: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. काहीच नसेल तर तांब्याने पाणी काढून फूटभर वरून पुन्हा ओतत राहणं हाही उपाय आहे. रात्री दोन वाजता तो केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पंप विकत आणतो.

पाणी

महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायला हवं. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तर ते बरंचसं उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब, बाटलीवरच्या प्रमाणात. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणायचे ते सोडियम थायोसल्फेट, तेच यातल्या साध्या बाटल्यांमध्ये असतं. पावसाळ्याच्या तोंडाला नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा बादली मुरवण्याच्या भरवशावर राहू नका.

देशावर बोअरचं पाणी बहुधा जड असतं, डाळ शिजायला वेळ लागतो ते. घाबरायचं कारण नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी अशा पाण्यात मजेत राहतात. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी हलकं आणि किंचित आम्ल असतं, तिथे टेट्रा बरे. आपल्या पाण्याला मानवणारा मासा निवडणं हे माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त.

आरओचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्षार जवळपास नसतात, पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप) डळमळतो. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार जास्तच साठलेले असतात. आरओचा एकच चांगला उपयोग: उन्हाळ्यात टाकीतलं पाणी वाफेने कमी होतं पण क्षार मागे राहतात, ती तूट भरून काढायला आरओचं पाणी योग्य. पाव पाणी बदलताना मात्र नेहमीचंच.

टेस्ट किट ही या यादीतली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू, आणि मी तिला फिल्टरखालोखाल मान देतो. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तिन्ही मोजणारं, थेंबांचं किट घ्या. पट्ट्या वापरायला सोप्या, पण अमोनियाची पट्टी बऱ्याचदा त्यांच्यात नसतेच. पाणी नितळ दिसलं म्हणजे चांगलं असं नाही; अमोनियाला रंग नसतो.

तळाचे खडे आणि सजावट

दोन-चार मिलिमीटरची साधी नदीतली खडी, दीड इंच थर, साधारण ११ किलो. रंगीत खड्यांचा रंग काही महिन्यांत सुटतो. संगमरवराच्या चिप्स, शंख-शिंपले आणि चुनखडीचे दगड पाणी जड करत राहतात. दगडावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसला तर तो बागेत ठेवा. खडी परातीत घेऊन तांदूळ धुतो तशी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. दहा-बारा पाणी लागतात. साबण अजिबात नाही.

झाडं खरीच लावा. जावा फर्न आणि अनुबियास यांना ना तीव्र उजेड लागतो ना माती. दोऱ्याने दगडाला बांधली की झालं. त्यांचं आडवं खोड खडीत पुरू नका, कुजतं. तोंड उघडणाऱ्या शिंपल्याबद्दल घरातली मुलं ठरवतील. माझ्या घरी अजून आहे.

ऊब, गारवा आणि उजेड

थर्मामीटर प्रत्येकाला हवा, हीटर प्रत्येकाला नको. नेहमीच्या माशांना २४ ते २८ अंश चालतं. मुंबईत आणि किनाऱ्यावर हीटरवाचून वर्ष निघतं. पुणे, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २० च्या खाली जाऊ शकतं. आकडा कमी असण्यापेक्षा दिवसा-रात्रीतली मोठी उडी माशांना जास्त बाधते आणि अंगावर पांढरे ठिपके येतात. लिटरमागे एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरे. तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ तिरका लावा आणि थर्मामीटर विरुद्ध टोकाला. पाणी काढताना हीटर बंद करायचाच. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं थांबा.

विदर्भ-मराठवाड्यात खरा प्रश्न मे महिन्याचा. टाकीवरची काच काढून तिथे जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. वाफ होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फाचे खडे थेट टाकू नका. झाकण लावलेली गोठवलेली बाटली तरंगत ठेवली तर गारवा हळूहळू उतरतो.

दिवा साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनच्या आसपास, दिवसाला सहा ते आठ तास. त्याला टायमर लावा. आपण विसरतो, रात्रभर दिवा राहतो, आणि मग शेवाळाला औषध विचारत फिरतो.

झाकण हवंच. झेब्रा डॅनिओ उडी मारतात. वरून पालही पडते.

वीज आणि हाताशी ठेवायचं सामान

पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा इथे काटकसर नको. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर न ठेवता भिंतीवर, बाजूला आणि उंचावर लावा. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर नेऊन प्लगमध्ये घाला, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सर्वांत खालच्या वळणावरून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. घराच्या डीबीमध्ये (विजेच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळी बटणं बंद.

बाकी किरकोळ: घंटेच्या तोंडाची सायफन नळी, काच पुसायचा चुंबक, जाळी, जुने पंचे आणि दोन बादल्या. या बादल्यांवर ठळक खूण करा आणि घरात बजावून ठेवा, कारण एकदा तिच्यात कपडे भिजले की पावडरचा अंश काही केल्या जात नाही.

ब्लू, म्हणजे मिथिलीन ब्लू, टाकीत घालू नका. रोज दोन थेंब टाकायची सवय अनेकांना असते. ते औषध आहे, फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. आजारी मासा वेगळ्या भांड्यात घेतला तरच त्याचा उपयोग.

मांडणीचा दिवस आणि नंतरचे सहा आठवडे

मागचा पोस्टर आधी चिकटवा, टाकी भरल्यावर हात पोहोचत नाही. मग थर्माकोल, टाकी, धुतलेली खडी, मागच्या बाजूला थोडी उंच. खडीवर ताटली ठेवा आणि तिच्यावर पाणी ओता, म्हणजे खडी उसळत नाही. निम्मी टाकी भरली की दगड, झाडं, फिल्टर आणि हीटर बसवा, मग उरलेली भरा. पाण्यातलं क्लोरीन घालवलेलं असू द्या. फिल्टर लगेच सुरू, हीटर मात्र वीस मिनिटांनी.

आता रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका. घरचे हसतील. ते खाद्य कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना तेच हवं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर बदलू नका, आपोआप निवळतं. कुणा ओळखीच्याची वर्षभर चाललेली, निरोगी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. विरजण लावावं तसंच हे. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं.

दर तीन दिवसांनी तपासत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल. खाद्य टाकत असूनही दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं सलग आठवडाभर आलं की टाकी तयार. मग अर्धं पाणी बदला.

पहिले मासे म्हणून सहा झेब्रा डॅनिओ. हा मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्या-नाल्यांतला काटक मासा. दोन आठवडे थांबा, पुन्हा अमोनिया तपासा, मग पाच-सहा गप्पी आणा, नुसते नर. जोड्या आणल्या तर तीन महिन्यांत पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न येतो आणि कुणीतरी नदीत सोडायचा सल्ला देतो. तसं करू नका. परक्या माशांनी आपल्या नद्यांत पुरेसा उच्छाद मांडलाय. जास्तीची पिल्लं दुकानदार परत घेतो. दुकानात मिस केरळ नावाने मिळणारा लाल पट्ट्याचा मासा मोह घालतो. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ असं नाव मिळालं. पण तो घोळक्याने पोहणारा, चार-पाच इंची मासा आहे आणि निसर्गात संकटात आहे. दोन फुटी टाकीत तो शोभत नाही.

मासे आणल्यावर दिवा बंद ठेवा. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग उघडून पाच-पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी तिच्यात घाला, चार-पाच वेळा. शेवटी जाळीने मासे उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या रात्री खाद्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मिनिटांत संपेल इतकंच.